आतारसाहेबांची बिनवासाची खोली

२०१७ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. माझी भाताची गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली होती आणि रिहे गावच्या रस्त्याकडची ती शेड एक फार्महाऊसवाला पार्ट्यांसाठी मागत होता. मी देत नव्हतो. बापानं बांधलेल्या गिरणीत कोणी बाटल्या फोडाव्यात हे मला मान्य नव्हतं. घरातले म्हणायचे, म्हातारा हट्टी आहे. आहेच. शिक्षण चौथी, त्याचीही मला लाज नाही.

अशात एका सकाळी पौडहून एक उंच, किडकिडीत माणूस स्कूटरवर शेड बघायला आला. पन्नाशी ओलांडलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नाव सांगितलं, रशीद आतार. पौडच्या बाजारातलं आतारांचं अत्तराचं दुकान मला माहीत होतं. लग्नाकार्याला आम्ही तिथूनच अत्तर आणायचो. हा त्या घरातला धाकटा, शिकून इंजिनेर झालेला. त्यानं शेडचा पत्रा बघितला नाही, लाईट किती वेळा जाते ते विचारलं नाही. म्हणाला, "काका, एक फुलपात्र पाणी मिळेल का?"

आमच्या मंडळींनी पाणी आणून दिलं. त्यानं ते प्यायलं नाही. तांदूळ काढायचं मशीन जिथं बसवलेलं होतं, त्या काँक्रिटच्या पायावर फुलपात्र ठेवलं आणि समोर उकिडवा बसून पाण्याकडं बघत राहिला. दहा मिनिटं झाली. मंडळी दारातून मला खुणा करायला लागली की हा माणूस काही बरा दिसत नाही. शेवटी मी विचारलं, काय बघताय.

"रस्त्यानं ट्रक जाऊ द्या."

खडीचा डंपर गेला. पाणी हललं नाही. दुसरा गेला. तेव्हा तो उठला, पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाला, "हा पाया कोणी घातला?"

"माझ्या बापानं."

"चांगला घातलाय."

एवढ्या बोलण्यावर मी शेड दिली आणि त्या दिवसापासून तो माझा आतारसाहेब झाला.

पंप बनवायचा आहे म्हणाले तेव्हा मला विहिरीचा पंप वाटला. तो नव्हे. हा हवा काढायचा. तीही साधी हवा काढायचा नाही. साध्या पंपानं काढून झाल्यावर भांड्यात जी नावापुरती उरते, ती काढायचा. मोठ्या प्रयोगशाळांना अशी रिकामी भांडी लागतात आणि हे पंप परदेशातून येतात. साहेबांना तो इथं, स्वतः ठरवलेल्या पात्यांचा करायचा होता. पंपाच्या पोटात एकाखाली एक पात्यांच्या चकत्या. एक चकती फिरणारी, तिच्याखाली एक गप्प उभी, परत एक फिरणारी. मिनिटाला चाळीस हजारांवर फेरे. मी म्हणालो, म्हणजे पंखाच की. गिरणीत कोंडा उडवायला आमच्याकडंही होता.

साहेब म्हणाले, पंखा हवेला ढकलतो, कारण हवा दाट असते. इथं हवेचे कण इतके विरळ होतात की एकाची दुसऱ्याशी गाठ पडत नाही. एकेक कण एकटा उडत येतो, पात्यावर आदळतो, आणि पात्यानं त्याला खाली टोलवायचा.

मला ते पटलं नाही आणि तसं मी तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पौडहून पिशवीभर चुरमुरे घेऊन आले. गिरणीचा जुना पंखा अंगणात आडवा मांडला, त्याला पत्र्याची पाती बांधली आणि वरून मूठमूठ चुरमुरे सोडायला लागले. पाती उभी धरली की चुरमुरे भराभर खाली जायचे, पण खालून फेकलेलेही तितकेच वर यायचे. पाती निजवली की खालचे वर यायचे बंद, पण वरचेही थोडेच आत शिरायचे. दुपारपर्यंत आमचं अंगण पांढरं झालं. कोंबड्या एवढ्या सोकावल्या की पुढं महिनाभर पंख्याचं बटण दाबलं की धावत यायच्या.

"बघा काका," साहेब म्हणाले, "वरच्या पात्यांनी गोळा करायचं, खालच्यांनी परत येऊ द्यायचं नाही. कुठल्या थराला पातं किती निजवायचं, किती पाती लावायची, मध्ये फट किती ठेवायची, एवढंच काम आहे."

एवढ्याच कामाला त्यांना सहा वर्षं लागली.

हिंजवडीहून कासारसाईच्या रस्त्यानं कल्याणी मॅडम यायच्या. त्या कॉम्प्युटरवर पात्यांचा हिशोब बसवायच्या, साहेब पाती करून घ्यायचे आणि प्रत्यक्ष पंपात बसवून बघायचे. मॅडम हुशार आणि घाईच्या. त्यांचं म्हणणं, पात्यांचा कोनही बदलू आणि संख्याही बदलू, वेळ वाचेल. साहेबांचं उत्तर ठरलेलं. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा?" हे मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या खाचरातही लागू केलं. एका वर्षी नुसतं बी बदललं, दुसऱ्या वर्षी नुसतं खत. माझा मुलगा म्हणाला, आबा, आतारसाहेबांच्या हिशोबानं शेती केली तर भात नातवाच्या लग्नाला निघंल.

साहेबांचे शर्ट सगळे पांढरे, आणि एकालाही खिसा नाही. पौडचा शिंपी खास तसे शिवून द्यायचा. खिसा असला की त्यात पेन येतं, पेन असलं की माणूस वाकतो, आणि वाकला की पेन पंपात. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही. पेन्सिल होती, ती वहीला सुतळीनं बांधलेली. वहीत सगळं मराठीत लिहायचे, ठसठशीत अक्षरात, त्यामुळं मलाही वाचता यायचं.

शेडच्या आत त्यांनी काचेची एक खोली केली होती. तिच्यात शिरायचं तर बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. चहा आत न्यायचा नाही. माझी तंबाखू शेडच्या उंबऱ्याच्या आत चालत नव्हती. कोरोनात सगळ्या गावानं तोंडं बांधली तेव्हा साहेबांचं काहीच बदललं नाही.

मी विचारलं होतं, लोखंडाला हात लागला तर काय बिघडतं? ते म्हणाले, बोटाचं तेल धातूवर राहतं आणि रिकाम्या भांड्यात ते वासासारखं सुटत राहतं. नाकाला कळत नाही, पण भांड्यात किती हवा उरली ते दाखवणाऱ्या मीटरला कळतं. मग म्हणाले, "माझ्या आज्यानं जन्मभर वास विकला, काका. मी जन्मभर वास काढतोय."

आणि खरंच, आताराच्या घरचा माणूस, पण अंगाला अत्तराचा थेंब नाही. ईदच्या दिवशीसुद्धा काम असलं तर शेडवर हजर. मग त्यांचे थोरले भाऊ शीरखुर्म्याचा डबा घेऊन पौडहून यायचे, घमघमाट करत. साहेब त्यांना लांब जांभळाखाली थांबवायचे, तिथंच उभ्यानं खुर्मा खायचे आणि गळाभेट संध्याकाळी घरी देतो म्हणायचे. भाऊ मला म्हणायचे, "बघा की. आमच्या घराण्यात हा असा निघाला. ह्याच्याशी ईद लांबनं करावी लागती."

माझा त्यांच्याशी खरा संबंध जुळला तो कानामुळं. चाळीस वर्षं गिरणी चालवलेल्या माणसाला बेअरिंगचा आवाज वेगळा शिकावा लागत नाही. तिसऱ्या वर्षी एका सकाळी पंप चालू असताना मी त्यांना सांगितलं की आवाज जाड झालाय. त्यांनी मीटर बघितला. मीटर म्हणत होता, सगळं ठीक. तरी वहीत लिहिलं : नामदेवकाकांना आवाज जाड वाटला, सकाळी नऊ वीस. आणि काम पुढं चालू ठेवलं.

तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाम झालं. तोफ उडावी तसा आवाज झाला, पत्र्यावरची कबुतरं उडाली, मी भाताची पेंडी टाकून पळत आलो. पंपाचं जाड भांडं फुटलं नव्हतं, पण आतल्या पात्यांचा चुरा झाला होता. वर्षाचं काम. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. साहेबांनी आमच्या घरून स्टीलची दोन ताटं मागवली, ओट्यावर बसले आणि चिमट्यानं एकेक तुकडा उचलून ताटात मांडायला लागले. आधी कुठलं तुटलं, त्यानं कोणाला मारलं, असं लावत लावत. संध्याकाळपर्यंत दोन्ही ताटं भरली. मग बघायला जमलेल्या माणसांसमोर म्हणाले, "काकांनी सांगितलं होतं. मी लिहिलं, पण ऐकलं नाही."

आमच्या भागात एवढा शिकलेला माणूस चारचौघांत असं बोलत नाही. त्या दिवसापासून पंप चालू करण्याआधी मला निरोप यायचा, काकांना बोलवा. मी हात धुऊन जायचो, काचेला कान लावायचो आणि सांगायचो, बारीक हाय, किंवा आज नको. गावात माझी ऐट वाढली. लवळ्याच्या कॉलेजातली पोरं बघायला आली तर त्यांना हात कसे धुवायचे हे मीच दाखवायचो, आणि एकालाही सोडायचो नाही.

म्हणून पुढं जे झालं ते लिहायला मला जड जातं.

२०२३ सालचा दसरा जवळ आला होता. साहेबांनी खालच्या तीन थरांची पाती आजवर कधी नव्हती इतकी निजवली होती. बाकी सगळं आधीसारखंच. बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेची माणसं दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी, सोमवारी, पंप बघायला येणार होती. मीटरचा आकडा ठरल्या जागेपर्यंत उतरला तर ती हीच पाती घेणार होती आणि त्यांच्याकडं असे पंप बनू लागणार होते. नाही उतरला तर ती परदेशी पंप आणणार आणि शेडला कुलूप. साहेबांना पैसे पुरवणारी माणसंही थकली होती. हे सगळं साहेबांनी मला एका दमात सांगितलं आणि परत तो विषय काढला नाही.

खंडेनवमीला आमच्या गिरणीत दरवर्षी पूजा व्हायची. साहेबांची तिला कधी ना नव्हती. लेथला झेंडू, कंप्रेसरला हळदकुंकू, शटरला आंब्याचं तोरण, सगळं मी करायचो आणि ते शेजारी उभे राहायचे. फक्त काचेच्या खोलीत काही नाही. सहा वर्षं मी ते पाळलं. त्या वर्षी पाळलं नाही. ज्याच्यावर सगळं अवलंबून, तेवढंच एक यंत्र बिनपूजेचं राहणार, हे माझ्या मनाला टोचत होतं. बापानं घातलेल्या पायावर बसलेलं कुठलंच यंत्र कुंकवाशिवाय चाललं नव्हतं. चावी माझ्याकडं असायचीच. सकाळी लवकर गेलो, हात धुतले, टोपी घातली. पंपावरचं रिकामं भांडं, ज्याला ते चेंबर म्हणायचे, ते उघडं होतं, दुपारी बंद होणार होतं. मी एका हाताचा मोजा काढला, तेलात कालवलेलं कुंकू अनामिकेला घेतलं आणि चेंबरच्या गळ्यात, आतून, वरच्या अंगाला एक टिकली लावली. कोणाला दिसणार नाही अशी. हात जोडले आणि बाहेर आलो.

दुपारी चेंबर बंद झालं. दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला. मी कान लावला, आवाज इतका बारीक होता की मी म्हणालो, असा पंप आजवर झाला न्हाई. पण आकडा अर्ध्या वाटेत अडला तो अडलाच.

साहेबांनी सांध्यांवर बाहेरून हेलियम सोडून गळती शोधली. नव्हती. चेंबरला बाहेरून पट्ट्या गुंडाळून दोन दिवस तापवलं. आकडा आणखी वर गेला. आतला वास कशाचा हे सांगणारं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं, आणि चेंबर उघडायचं तर परत तीन-चार दिवस जाणार. चौथ्या दिवशी साहेब मॅडमना म्हणाले की कोणाचा हात तर लागला नाही, एका बोटाचा ठसाही पुरतो. मी तिथंच उभा होतो. तेव्हा मला कळलं.

मी बोललो नाही. भीती नव्हती, मला कोण काय करणार होतं? पण सगळ्या गावाला हात धुवायला लावणारा मी. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज ते मला विचारायचे, "काका, कानाला काय वाटतं?" मी म्हणायचो, बारीक हाय. ते मान हलवायचे, आणि माझ्या कानावर विश्वास ठेवून भलतीकडंच शोधायचे.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. दुपारी चारचा चहा बाहेरच्या दगडावर चालला होता. साहेबांची दाढी वाढली होती. ते मॅडमना म्हणाले की आता खालचे तीन थर काढू, जुनी पाती बसवू, निदान जुना आकडा तरी दाखवता येईल. मॅडम म्हणाल्या, सर, हिशोब चुकलेला नाही. ते म्हणाले, पण मोजणी वेगळं सांगतेय ना. आणि वही मांडीवर घेऊन लिहिलं. मी वाकून अक्षर अक्षर लावत वाचलं : खालच्या तीन थरांची पाती चुकली.

"साहेब, ते खोडा," मी म्हणालो. "पात्यांचं काय न्हाई. आत कुंकू हाय."

त्यांना कळलं नाही. "कुठं आत?"

"चेंबरच्या गळ्यात. वरच्या अंगाला. नवमीला मी लावलं."

मॅडमनी कप खाली ठेवला. साहेबांनी मग पेन्सिल सरळ धरली.

"केवढं?"

"टिकलीएवढं."

"कोरडं?"

"तेलात कालवलेलं. खोबरेल."

"किती वाजता?"

"साडेसहा असतील."

सगळं लिहून घेतलं. वरची ओळ खोडली, तीही पट्टीनं रेघ मारावी तशी. वही मिटली.

"नऊ दिवस, काका," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मॅडम मागं थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, ते कुंकू सुटून पात्यांवर पडलं असतं आणि पाती परत फुटली असती तर? सर तासन् तास शेजारी उभे असतात." मी तिघांचे कप उचलून नळावर धुवायला नेले.

त्याच संध्याकाळी चेंबर उघडलं, पुसलं, धुतलं, परत बंद केलं. मग दोन दिवस तापवलं, नंतर थंड होऊ दिलं. त्या दिवसांत साहेब चहाला दगडावर आले नाहीत. मी माझ्या ओट्यावर बसून शेडकडं बघत राहायचो. मंडळी म्हणाली, "आता का गप? जा की, शिकवा कोणाला हात धुवायला." तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

रविवारी संध्याकाळी साहेब ओट्याशी आले, बसले नाहीत. म्हणाले, "उद्या नऊला चालू करतोय. हात धुऊन या."

सोमवारी चार माणसं आली. मी काचेला कान लावला आणि सांगितलं, चालू द्या. दोन वाजता आकडा जिथं अडला होता ती जागा ओलांडून खाली गेला. पाच वाजता तो इतका खाली होता की मॅडमनी फळ्यावर लिहून दोनदा पुसला, आपणच चूक वाचतोय असं वाटून. पाहुण्यांतल्या एकानं वही चाळता चाळता विचारलं की गेल्या आठवड्यात चेंबर मध्येच का उघडलं. मी मान खाली घातली.

साहेब म्हणाले, "आत कुंकू होतं. काकांनी लावलेलं." पाहुणा हसला. साहेब हसले नाहीत. "ते बोलले नसते तर ही पाती मी मोडीत काढली असती. तेही लिहिलंय, पुढच्या पानावर."

मग बाहेर आले, मंडळींकडं फुलपात्रभर पाणी मागितलं आणि उभ्याउभ्या पिऊन टाकलं.

पुढच्या जानेवारीत काम त्या प्रयोगशाळेच्या गावाला हललं. साहेबही तिकडं निघाले. पंप लाकडी खोक्यात, काच उतरवून गोधडीत, लेथ, वह्यांचे गठ्ठे, सगळं ट्रकमध्ये चढलं. मॅडमनी खोक्यावर बाहेरून कुंकू लावा म्हणून मलाच सांगितलं. मी साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "लावा. बाहेरनं काही होत नाही." मी लावलं.

सगळं भरून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या शर्टाला खिसा आहे. नवा शर्ट, निळसर. त्या खिशातून त्यांनी एक बारकी कुपी काढली. आज्याच्या हातची, दुकानात राहिलेली शेवटची, असं म्हणाले. बूच काढलं आणि माझा डावा हात उलटा करून मनगटावर टेकवलं. मग स्वतःच्या मनगटाला लावलं. सहा वर्षांत त्यांच्या अंगाला मला पहिल्यांदा वास आला, खसाचा.

"आता चालतंय, काका," ते म्हणाले.

स्कूटर भावानं आधीच नेली होती. ते ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसले, खोक्याकडं मागं वळून वळून बघत. रस्त्याच्या वळणावर खडीचा डंपर समोरून आला, तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या शेडच्या पायाकडं बोट दाखवलं. मग ट्रक दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं शेडकडं गेलो. नळ सोडला, साबण हातात घेतला. डाव्या मनगटाला अजून खसाचा वास होता. साबण जागेवर ठेवला, नळ बंद केला, शटर वर केलं आणि हात न धुता आत गेलो.